घोरण्याचा पत्ता

सोमवार, ३ मार्च

मेलेला माणूस घोरला! आणि त्याचं खापर आमच्या डोक्यावर.

सकाळी ऑफिसात पाऊल टाकते तोच मॅडमच्या हातातला फोन ओरडत होता. मॅडम नव्हे, फोन. पलीकडे नाटकाचे दिग्दर्शक. मॅडमनी तो कानापासून हातभर लांब धरला होता, तरी मला दारात स्पष्ट ऐकू येत होतं.

"पडदा वर गेला! कप्तान मृत्युशय्येवर! बायको हात धरून बसलेली! डॉक्टर म्हणतो — संपलं, कप्तान गेले. मग शांतता. आणि त्या शांततेत लांबून समुद्राची गाज यायची, माझी गाज! त्याऐवजी काय आलं ठाऊक आहे?"

मग त्यांनी करून दाखवलं. तरुणपणी मोठे नट होते म्हणे. खरं असावं.

घुर्रर्रर्र... मग बराच वेळ काहीच नाही... आणि एकदम — फुस्स!

लोक आधी दचकले. दुसऱ्या 'घुर्रर्र'ला पहिली रांग फुटली, तिसऱ्याला सगळं थिएटर. कप्तान बिचारा मेलेला, पण त्याचंच पोट गदगदा हलायला लागलं. बायकोने टाहो फोडायचा होता — ती उशीत तोंड खुपसून बसली, आणि तिचे खांदे हलताना बघून लोक आणखी हसले.

"ही शोकांतिका आहे हो, शोकांतिका!" असं म्हणून दिग्दर्शकांनी फोन आपटला.

आमचं दुकान ते केवढं! मॅडम, मी आणि माझा नवरा. आम्ही 'जोड' विकतो. सासूबाईंना समजावलं तसं इथेही लिहिते, माझंच डोकं ताळ्यावर येईल. 'जोड'ला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची, बस. एका फाइलमध्ये आवाजांची यादी लिहून ठेवायची — आधी समुद्र, मग दारावरची थाप, मग घंटा — आणि ती यादी 'जोड'ला द्यायची. तो एकेक आवाज उचलून वाजवतो. नाटकवाले खूश, कारण अंधारात माउस चाचपडावा लागत नाही.

हे दिग्दर्शक सगळ्या नाटक मंडळ्यांचे अध्यक्ष. ते गेले की बाकीच्या मंडळ्या जाणार. मंडळ्या गेल्या की आमच्याकडे उरतो मॅडमचा भाऊ, आणि तो फुकट वापरतो.

मॅडम म्हणाल्या, "मला समुद्र सांगू नका, घोरणं सांगू नका. चूक कोणाची?"

मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने माझ्याकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांचे हात एकाच वेळी हलले असे हे पहिल्यांदाच.

मंगळवार, ४ मार्च

भांडण जुनंच. आज नव्याने झालं, एवढंच.

यादीत लिहिलंय 'आवाज/१'. म्हणजे 'आवाज' नावाच्या फोल्डरमधली '१' नावाची फाइल. ठीक. पण कुठला 'आवाज' फोल्डर? मोजायचं कुठून?

नवरा म्हणतो — माणूस उभा असेल तिथून. काळी खिडकी ज्या फोल्डरमध्ये उघडली आहे तिथून. सगळी साधनं असंच करतात, आपण कोण दीडशहाणे?

मी म्हणते — हाताने टाइप केलेला पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, खुशाल तसा मोज! टाइप करणाऱ्याला माहीत असतं आपण कुठे उभे आहोत. पण यादीच्या पोटात लिहिलेला पाथ यादीपासून मोज. लिहिणाऱ्याला काय स्वप्न पडणार होतं, की वाचणारा कुठे उभा राहून वाचेल?

हे सगळं जेवताना. आवाज चढले. मी म्हणाले, "तुझं एकच — उभा कुठे, उभा कुठे!" तो म्हणाला, "मग काय, उभं राहण्याला काही किंमतच नाही?"

सासूबाई आतून ताटं घेऊन आल्या. "कोण उभं आहे? बसा की दोघंही!"

मग त्यांना वाद सांगितला. नीट ऐकून घेतलं त्यांनी. आणि निकाल लेकाच्या बाजूने! "तो म्हणतो तसंच असेल गं. उभं राहण्यातलं त्याला कळतं. शाळेत कायम बाकावर उभाच असायचा."

आपला तो बाब्या!

बुधवार, ५ मार्च

थिएटरात जाऊन आलो, दोघंही. आवाजाची खोली म्हणजे शेवटच्या रांगेच्या वर टांगलेला खोका. लोखंडी शिडीने चढायचं, डोकं वाकवून बसायचं. तिथे आवाजकाका — मंडळीचे ध्वनी सांभाळणारे. बारीक, इस्त्रीचा शर्ट, चेहरा दुखावलेला. दोन दिवस सगळी मंडळी त्यांच्या पाठीमागे घोरून दाखवतेय. अगदी तिकीट खिडकीवरचासुद्धा.

"तो आवाज माझा नाही," ते म्हणाले. "मी घोरतो. नाकारत नाही. पण असा नाही!"

साक्षीदार म्हणून बायकोला घेऊन आले होते. काकू शिडीच्या खालूनच ओरडल्या, "यांचं मी ओळखत नाही होय? यांचं शिट्टीवर संपतं! हे कुणातरी जनावराचं आहे!"

मग त्यांनी मला तो आवाज ऐकवला. हेडफोन लावून. देवा! सुरुवातीला कुणीतरी जड कपाट ओढत नेतंय असं वाटतं. मग कपाट मध्येच थांबतं. आपणही श्वास धरून बसतो. मेला की काय? — आणि फुस्स! मी इतकी हसले की डोकं वरच्या पत्र्यावर आपटलं. नवरा हसला नाही. म्हणाला, "कामाचं बघ."

कामाचं असं. आवाजकाका नेहमी आधी नाटकाच्या फोल्डरमध्ये जातात आणि मग 'जोड' चालवतात. शनिवारी लॅपटॉप नवा. काळी खिडकी उघडली ती डेस्कटॉपवर. काकांनी तिथूनच यादीचा पत्ता टाइप केला — 'जोड नाटक/यादी'. यादी बरोबर सापडली. पण यादीतला 'आवाज/१' मात्र 'जोड'ने डेस्कटॉपवर शोधला!

"बघ," मी नवऱ्याला म्हणाले. "बघ तुझा उभा माणूस!"

पण गंमत पुढे आहे. डेस्कटॉपवर 'आवाज' नावाचं काहीच नाही. फोल्डर नाही, फाइल नाही. म्हणजे 'जोड'ने तिथे थांबायला हवं होतं. सापडत नाही म्हणून सांगायला हवं होतं. त्याऐवजी तो घोरला. कुठून आणलं घोरणं?

मी हे मोठ्याने विचारलं. शिडी उतरता उतरता नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. होतं असं कधीकधी."

कधीकधी! हा बोलतोय! एका स्वल्पविरामाची चूक सापडत नव्हती म्हणून जो स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला, तो म्हणतो होतं कधीकधी!

गुरुवार, ६ मार्च

नवरा गप्प आहे. भाजीत मीठ नव्हतं, तरी गप्प.

शुक्रवार, ७ मार्च

घरीच प्रयोग केला. त्याला शब्दांनी पटत नसेल तर बिस्किटांनी पटेल.

बेडरूमच्या कपाटात चिठ्ठी ठेवली — 'बिस्किटं खालच्या कप्प्यात'. त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात पुडा. तो आज घरूनच काम करत होता. ऑफिसातून त्याला फोन केला, "बेडरूमच्या कपाटात चिठ्ठी आहे, वाच आणि तसं कर."

संध्याकाळी येऊन बघते तर बिस्किटं जागेवर. आणि स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यातलं सगळं सामान जमिनीवर! मधोमध नवरा, मांडीवर किसणी.

"चिठ्ठी कपाटात होती ना?"

"हो. पण वाचली इथे. मी इथे उभा होतो."

"अरे पण चिठ्ठी कुठली? कपाटातली! मग खालचा कप्पा कुणाचा? कपाटाचाच ना!"

तो विचार करायला लागला. माझा विजय आता दोन बोटांवर होता. मग म्हणतो, "आणि मी चिठ्ठी उचलून इथे आणली त्याचं काय? तुझ्या नियमानेही आता ती स्वयंपाकघराची झाली!"

"मग चिठ्ठी एकटी का आणलीस? कपाट उचलून आणायचंस! यादी आणि आवाज एका फोल्डरमध्ये राहतात, न्यायचं तर अख्खं बिऱ्हाड न्यायचं. जिथे नेशील तिथे चालेल. हाच तर माझा मुद्दा आहे!"

सासूबाई दारात. त्यांनी जमिनीवरचे डबे पाहिले, मला पाहिलं, लेकाला पाहिलं. "कपाट उचलायचं असेल तर आत्ताच उचला. नंतर माझी कंबर धरते."

बिस्किटं शेवटी त्यांनीच खाल्ली. वाद ऐकत ऐकत.

रविवार, ९ मार्च

काल नाटकाचा दुसरा प्रयोग झाला. आवाजकाकांनी जीव मुठीत धरून आधी नाटकाच्या फोल्डरमध्ये पाय रोवले आणि मग कमांड दिली. समुद्र आला. सुंदर, गंभीर, खारट समुद्र.

आणि लोक रागावले!

दिग्दर्शकांनी आज सकाळी घरीच फोन केला. आवाज आज ओरडण्याचा नव्हता, घोगरा होता. गावभर बातमी पसरलीय म्हणे, की एका नाटकात मेलेला माणूस घोरतो. म्हणून थिएटर भरलं. पहिल्यांदा! ज्या खुर्च्यांवर आजवर फक्त धूळ बसत होती त्यांवर माणसं. कप्तान मेला, समुद्र गाजला, लोक वाट बघत बसले. मग मागून एकजण ओरडला, "घोरणं कुठंय?" मग सगळे. टाळ्या वाजवून — घो-र-णं! घो-र-णं! कप्तानाने एक डोळा उघडून विंगेकडे पाहिलं. ते बघून जरा हशा झाला, तेवढाच.

"आयुष्यभर लोकांना रडवायचा प्रयत्न केला," दिग्दर्शक म्हणाले. "कुणी रडलं नाही. खोकायचे. ही पहिली वेळ आहे, की माझ्या नाटकात लोकांना काहीतरी हवं होतं."

मी म्हटलं, "समुद्र पण छान होता हो."

"समुद्राला कोण विचारतो!"

सोमवार, १० मार्च

मॅडम आज भलत्याच गोड. दिग्दर्शकांनी फर्मान पाठवलंय: घोरणं परत हवं. कायमचं. शोकांतिका गेली, आता नाटक विनोदी. जाहिरातीत छापणार आहेत. आणि — हे महत्त्वाचं — तो घोरणारा माणूस शोधून काढा. त्याला रंगमंचावर बोलावून सगळ्यांसमोर त्याचा सत्कार करायचाय.

"शोधा," मॅडम म्हणाल्या. "आवाज आपल्या 'जोड'मधून आलाय ना? मग तो आला कुठून हे आपल्यालाच कळायला पाहिजे. नाहीतर उद्या दुसऱ्या मंडळीच्या नाटकात काय येईल, काय सांगावं! लग्नाच्या प्रवेशात कुणी शिंकलं तर?"

नवरा ताडकन उठला. "मी शोधतो."

"मी शोधते," मी म्हणाले.

"तुला केवढी कामं आहेत."

"तुला नाहीत?"

"मॅडम, मी—"

"तिला करू दे," मॅडम म्हणाल्या.

चेहरा बघण्यासारखा झाला त्याचा. पाणी प्यायला गेला तो परत यायला विसरला.

मंगळवार, ११ मार्च

सापडलं!! दिवसभर 'जोड'चं पोट फाडून बसले होते. असं लिहिलंय आत: यादीतली फाइल उभं असू तिथे शोध. सापडली नाही, तर गुपचूप 'जोड'च्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, म्हणजे जिथे तो स्वतः राहतो तिथे, जाऊन बघ. तिथे त्या नावाचं जे मिळेल ते घे.

म्हणजे मी माणसाला साबण आणायला पाठवलं. दुकान बंद. तर याने स्वतःच्या घरी जाऊन तिथल्या न्हाणीघरातला साबण उचलला, माझ्या हातात ठेवला, आणि वर म्हणाला, आणला!

"हे कुणी लिहिलं?"

"मी," नवरा म्हणाला. "लोकांची सोय व्हावी म्हणून. नवीन माणसाने यादी चुकवली तरी काहीतरी वाजावं. एकदम एरर बघून माणूस घाबरतो."

"म्हणून त्याला घोरून दाखवायचं?"

'जोड'च्या फोल्डरमध्येही एक 'आवाज' फोल्डर आहे. नमुन्याचा. त्यात '१' नावाची एकच फाइल. मी स्वतः तिथे घंटा ठेवली होती, मला पक्कं आठवतं. टण्ण करून वाजणारी. आता उघडली तर — कपाट ओढायला लागलं कुणीतरी!

"घंटा कुठे गेली?"

"चाचणीला लांबलचक आवाज हवा होता. घंटा लगेच संपायची. म्हणून बदलली. नंतर राहून गेलं."

"हे मात्र संपत नाही, मान्य. पण हा आहे कोण?"

"नेटवर मिळाला."

"कुणी टाकला? पशुवैद्याने?"

हसला नाही. मी हेडफोन लावून आणखी दोनदा ऐकलं. दर वेळी नवीन काहीतरी सापडतं. मध्येच तो गृहस्थ ओठ चाटल्यासारखा आवाज करतो — चप् चप् — जणू स्वप्नात कुणी खीर वाढलीय. मी मॅडमना म्हटलं, हा माणूस माझ्या घरात असता तर मी त्याला गच्चीत झोपवलं असतं. नवऱ्याला ठसका लागला. तिथे पाणी नव्हतं, काही नव्हतं. नुसत्या हवेचा ठसका.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आता नक्की. हे घोरणं त्याचंच आहे! लाजतोय बिचारा. सत्काराच्या दिवशी तोंड कुठे लपवणार आहे बघूच.

गुरुवार, १३ मार्च

आज ऑफिसात निकाल लागला. मॅडम न्यायाधीश, आम्ही दोघं वकील, साक्षीला चहा.

मी म्हणाले: टाइप केलेला पाथ उभं असू तिथून. यादीत लिहिलेला पाथ यादी ठेवली आहे तिथून. आणि सापडलं नाही तर गुपचूप घरी जाऊन हाताला लागेल ते आणायचं नाही — थांबायचं आणि ओरडायचं. नुसतं 'सापडलं नाही' असं मोघम नको. पूर्ण पत्ता सांगायचा: अमुक फोल्डरच्या तमुक फोल्डरमध्ये ही फाइल शोधली, नाही मिळाली. म्हणजे आवाजकाकांना कळेल की 'जोड' भलत्याच ठिकाणी डोकावतोय.

मला वाटलं होतं आता रणकंदन. पण नवरा म्हणाला, "मान्य."

मॅडमनी चष्मा काढला. "काय?"

"तिचं बरोबर आहे. फक्त जुन्या मंडळ्यांचा विचार करा. काहींच्या याद्या वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत आणि आवाज वेगळ्या. ते उभे राहतात त्या जागेच्या भरवशावर चालतंय त्यांचं. उद्या नियम बदलला की त्यांची नाटकं मुकी होतील."

हे मला सुचलं नव्हतं. राग आला — कारण खरं होतं. म्हणून मग ठरलं, की कमांडमध्ये एक जादा शब्द ठेवायचा. ज्याला दुसरीकडून मोजायचंय त्याने तो शब्द लिहून जागा सांगायची. न बोलता काही गृहीत धरायचं नाही. त्याने सुचवलं, मी लिहिलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत चालूही झालं. किती दिवसांनी असं एका टेबलावर बसून काम केलं आम्ही! त्याने माझ्या डब्यातलं खाल्लं, मी त्याच्या. डबे दोन्ही सासूबाईंचेच, भाजी एकच, तरी.

उठताना हळूच म्हणाला, "आणि तो नमुना काढून टाकू या ना. घंटा ठेवू परत."

"घंटा ठेवू. पण घोरणं मी जपून ठेवलंय. दिग्दर्शकांना द्यायचंय."

"ते साफ करून मी पाठवतो."

"मी पाठवते. तू कशाला त्रास घेतोस?"

मी डोळा मारला. त्याला वाटावं, की मला कळलंय आणि मी कुणाला सांगणार नाही. तो पांढराफटक पडला.

शनिवार, १५ मार्च



दुपारी लॅपटॉप घरी घेऊन बसले. दिग्दर्शकांना घोरणं अजून मोठं हवंय, शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जाईल असं. हेडफोन ऑफिसात राहिला होता. म्हटलं, स्पीकरवर लावू. नवरा बाहेर गेलेला. दार ओढून घेतलं, आवाज वाढवला.

घुर्रर्रर्र...

बाहेरच्या खोलीत चपला वाजल्या. नवरा परत आला होता. आणि सासूबाईंचा आवाज, अगदी दबका, प्रेमळ —

"हळू रे, हळू! दार आपटू नकोस. सूनबाईचा आत्ता कुठे डोळा लागलाय."

मी टक्क जागी. मांडीवर लॅपटॉप. बोट बटणावर.

...फुस्स! चप् चप्.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "गाढ झोपलीय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पंधरा दिवस मी शोधत फिरतेय. काकू जनावर म्हणाल्या. मी पशुवैद्य म्हणाले. गच्चीत झोपवणार होते — मला!

दार उघडून बाहेर आले. लॅपटॉपवर घोरणं चालूच होतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खोलीत डोकावल्या, की आत आणखी कोण झोपलंय. नवरा उलट्या पावली जिन्याकडे सरकायला लागला.

"तू!" मी म्हणाले. "तू मला नमुना म्हणून ठेवलंस? गिऱ्हाइकांना पाठवलंस? सगळ्या मंडळ्यांच्या लॅपटॉपवर मी घोरतेय?"

"अगं, राहून गेलं खरंच—"

"आणि मुळात रेकॉर्ड का केलंस? मित्रांना ऐकवायला?"

तो काहीतरी म्हणत होता. मी ऐकलं नाही. दार आपटलं. मोठ्याने. आता कुणाची झोप मोडायची होती!

रविवार, १६ मार्च

बोलणं बंद. त्याला मीठ हवं असेल तर सासूबाईंमार्फत मागतो.

सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या, डोक्यावरून हात फिरवला. "मनाला लावून घेऊ नकोस. याच्या बापापुढे तू काहीच नाहीस. ते घोरायला लागले की भांड्यांच्या फळीवर वाट्या चालायच्या."

हे सांत्वन!

दुपारी दिग्दर्शकांचा फोन. "त्या गृहस्थांचा पत्ता लागला का हो? पुढच्या शनिवारी सत्कार. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय, वर मोठी पाटी लावणार आहे, 'घोरणारे' म्हणून."

म्हटलं, "शोध चालू आहे."

नवऱ्याला चिठ्ठी लिहून उंबऱ्यावर ठेवली — 'मूळ फाइल जिथे कुठे असेल तिथून काढून टाक. पूर्ण पत्ता सांग, मी स्वतः बघणार.'

सोमवार, १७ मार्च

सकाळी त्याने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "तूच काढ." आणि निघून गेला.

फाइलचं नाव 'झोपली एकदाची'. तारीख त्या वर्षीची, माझे बाबा गेले तेव्हाची. तेव्हा माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता, आठवडेच्या आठवडे. नंतर कधीतरी लागायला लागला असणार. कधी, ते मला कधीच कळलं नव्हतं.

मित्रांना वगैरे नाही. त्याचा मेल बघितला, एकाच माणसाला पाठवली होती. माझ्या आईला. खाली लिहिलंय — 'आता तुम्हीही झोपा.'

आईला फोन केला. म्हटलं, काढून टाकतेय गं ती फाइल.

"नको," आई म्हणाली. "माझ्याकडे आहे एक. पण तिकडेही असू दे."